ताईच्या आवाजाचं लायसन

प्रिय ताई,

तुला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय पुढं जाववत नाही. आणि तू तर उत्तर देणार नाहीस!

आपलं वजनाचं ॲप. तू आरोग्य खात्याची आशाताई म्हणून वावर गावाकडच्या पाड्यांवर फिरायचीस, तिथं रेंज नाही. म्हणून मी ठाण्याच्या नोकरीतून सुट्टी काढून रेंजशिवाय चालणारं ॲप लिहिलं. बाळाचं वजन टाकलं, की ते तुझ्या आवाजात, आपल्या घरच्या बोलीत सांगतं: वजन उतरलंय, दवाखान्यात घेऊन ये. शाळेच्या मराठीत सांगितलं तर बाया नुसत्या मान हलवतात, असं तूच म्हणाली होतीस.

जव्हारला आशाताईंच्या बैठकीत तू ते पाच-सहा जणींच्या मोबाईलवर टाकून दिलंस. केवढी चिडले मी! "मला विचारायचं तरी!"

तू हसलीस. "अगं, त्यांच्याकडची पोरं काय वेगळी हायेत का?"

दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. ते दोन दिवस आता कुठून आणू?

मग तुला कावीळ झाली, आणि महिन्याभरात तू गेलीस.

तुझ्यामागं मी ॲपचा प्रोग्राम इंटरनेटवर ठेवला. परवा सातपुड्यातल्या एका नर्सचं पत्र आलं. त्यांना तो हवाय, पण सोबत लायसन, म्हणजे वापरायची लेखी परवानगी, नाही म्हणून त्यांचा इंजिनिअर हात लावेना. काहीच लिहिलं नाही तर सगळे हक्क आपल्याकडेच राहतात म्हणे. म्हणजे तू इतकं वाटलंस, आणि कागदावर ते कुणालाच दिलेलं नव्हतं!

लायसन निवडायला गेले तर डोकंच चालेना. एक म्हणतं, घ्या, बदला, पुढं कुलूप लावलंत तरी चालेल. दुसरं म्हणतं, घ्या, बदला, पण दुसऱ्याला दिलंत तर तेही असंच उघडं द्या. दुसरं बरं वाटलं. पण 'बदला' दोन्हीत आहे. तुझा आवाज काढून ती नर्स स्वतःचा घालणार. तिकडं आपली बोली कुणाला कळायची? मला समजतं गं. तरी वाटतं, आवाज सोडून बाकीचं द्यावं का? तुझा आवाज माझा आहे का पण?

शेवटी दाजींना विचारलं. "लायसन? गाडी घेतलीस का?" म्हणाले. समजावून सांगितल्यावर म्हणाले, "दे."

"तिचा आवाज पुसतील, दाजी."

"तिथल्या बायांना कळाया नको?"

त्यांचे डोळे भरले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आज सकाळी दुसरं लायसन जोडलं. त्यात हक्कदाराचं नाव घालायचं असतं. आधी तुझं लिहिलं, मग माझं. बरोबर केलं का गं? अजूनही कळत नाही.

एवढा शब्द देते: तिकडचं ॲप तयार झालं, की मी ते बसून ऐकेन. बोली कळणार नाही, तरी शेवटपर्यंत ऐकेन. आणि त्यांचं कुठं अडलं, तर मदतीला मीच जाईन.

तुझी धाकटी,
सविता
मोखाडा