सर, तो डोलोमाइटच होता

सर, तुम्ही बरोबर होतात. एवढं एक वाक्य लिहायला आज सकाळपासून चार कप चहा लागला मला.

चांदूर बाजारच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची चित्रं ऑफिसात आली आहेत, विमानातून घेतलेली, इन्फ्रारेडची. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या प्रकाशाचा एक ठरावीक भाग साधा चुनखडक गिळतो. मॅग्नेशियमच्या पाण्यानं बदललेला चुनखडक, म्हणजे आपला डोलोमाइट, त्याच्या जरासा शेजारचा भाग. मी साध्याला निळा रंग दिला, बदललेल्याला लाल. आणि नाल्याच्या वरच्या अंगाला लाल पट्टा उमटला, तुम्ही नकाशावर पेन्सिलीनं काढला होता अगदी तिथंच. बाप रे, काटाच आला अंगावर.

तुम्ही तो खालूनच, खडकावरच्या भेगांवरून ओळखला होता. गुडघे वर चढू देईनात, म्हणून मला पाठवलंत. "जाय, आम्ल टाकून पाह्य. तू सांगशीन तेच नकाशावर." साधा चुनखडक थेंब पडताच फसफसतो, डोलोमाइट थंड राहतो, पण हातोडीनं झालेली त्याची भुकटी मात्र फसफसते, म्हणून आधी फुंकर मारायची, हे तुम्ही वर्षभर घोकून घेतलं होतं. एकदा मी विसरले तर सगळ्या वर्गासमोर ओरडलात, "कावून वं, तोंडाले कुलूप लावलं का? फुक मार ना!" नाल्यावर पाठवलंत त्या दिवशी वर ऊन मी म्हणत होतं. मी घाव घातला, थेंब टाकला आणि पळत खाली आले. "फसफसला, सर." तुम्ही खोडरबर काढून तो पट्टा पुसलात. मग स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवलात, "खाय आधी, दमली असशीन." पुढं कॉलेजात नकाशा दाखवताना तुम्हीच हसत सांगितलंत, माझा अंदाज चुकला होता, पोरीनं वाचवलं. मी खाली मान घालून बसले होते, सगळ्यांना वाटलं लाजली.

आता रिपोर्टात लिहायचंय की जुना नकाशा तिथं चुकला आहे. त्या नकाशावर नाव तुमचं एकट्याचं. मी लिहिणार आहे की चूक तपासणारीची होती, आणि तपासणारी मी. साहेब म्हणतील, कशाला उकरता? म्हणू देत. हे पत्र मात्र, तुम्हीच नसताना, टाकणार कुठं, राहील खणात.

आणि सर, फुंकर राहिली हे मला आज नाही कळलं. परतीच्या एस्टीतच आठवलं होतं. तुम्ही शेजारच्याच सीटवर होतात, जागे.