धालोची जाप

रविवार, १८ जानेवारी २००४. आरोंदा.

शाळेच्या अंकासाठी हेडसरांना ‘धालो’ शब्दावर टिपण हवंय. पौषात बायका गात नाचतात ते धालो, एवढंच मला ठाऊक. शब्द आला कुठून? सर म्हणतात, डोलण्यावरून. असेलही. सकाळी वही घेऊन काकीकडे गेले.

“घरात नको गो. ती गाणी मांडारच म्हणूची,” म्हणत तिने मला मांडावर, धालोच्या जुन्या अंगणात नेलं. आता तिथे गवत माजलंय. चप्पल काढायला लावली. “आमची रांग हय. समोर तुझी आवस.” ती एका बाजूला उभी राहिली, मला समोर उभं केलं.

आईला जाऊन बारा वर्षं झाली.

काकी एकटीच वाकून पुढे आली, एक ओळ गायली, मागे सरून थांबली. समोरच्या रांगेने गाण्यातच उत्तर द्यायचं असतं, जाप म्हणतात त्याला. मला ती येत नाही. शिकायला बाहेर राहिले, पौषात कधी इथे नव्हतेच.

काकीने तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली. माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत.

सरांना काय देऊ? डोलण्यावरून, असंच लिहीन. माझ्या वहीत मात्र काकीची ओळ उतरवलीय, आणि खाली जापेपुरती जागा सोडलीय.