अर्ध्या गोळीचं प्रश्नचिन्ह

प्रिय अर्धवट,

हे नाव मीच ठेवलेलं, तेव्हा त्यावरून रुसू नकोस. आज रागवायची पाळी माझी आहे. दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे, तुझ्याच जुन्या खुर्चीवर बसून लिहितेय. डोकं इतकं तापलंय, की शेजारच्या फार्मासिस्टबाईंनी पंखा माझ्याकडे वळवलाय. घरचं शेवटी सांगते. आधी तुझी खरडपट्टी.

औषधांच्या पाकिटांवरची लेबलं छापणारा प्रोग्रॅम तू लिहून गेलास, तो आता मी सांभाळते. मध्यंतरी इथला कॉम्प्युटर बदलला. तू केलेला काहीतरी जुगाड जुन्याबरोबरच गेला आणि जिथे ½ छापायचं तिथे प्रश्नचिन्ह यायला लागलं. सकाळी ? गोळी. एक आजोबा पाकीट घेऊन परत आले आणि विचारायला लागले, की घ्यायची की नाही हे आता पेशंटनेच ठरवायचं का. रांगेतले हसले. मला मात्र घाम फुटला, कारण प्रत्येक जण विचारायला परत येत नाही. तेव्हापासून बाई प्रत्येक पाकिटावर हाताने ‘अर्धी’ लिहायच्या आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या.

प्रोग्रॅमिंगच्या मदतीचा तो फोरम आहे ना, त्यावर मी शोधलं. तोच प्रिंटर, तेच प्रश्नचिन्ह, शब्दन् शब्द माझाच प्रश्न! विचारणारा कोण, तर ‘अर्धवट’. मी खुर्चीतून उडालेच. लोकांनी आपली कामं सोडून तुला हे तपास, ते तपास म्हणून सांगितलेलं, आणि सगळ्यात खाली तुझं उत्तर: ‘सुटलं. धन्यवाद.’ बस्स! कसं सुटलं, काय बदललं, काही नाही. त्याखाली कितीतरी जणांनी विनवण्या केल्यात, की बाबा रे, कसं ते सांग. एकाने तर हात जोडलेत. आणि साहेब गायब. लाज कशी वाटली नाही रे तुला?

मग मी नवा प्रश्न टाकला. पहिल्याच दीडशहाण्याने सुनावलं, की हे आधी विचारून झालंय, शोधायचे कष्ट घ्या. सोबत लिंक दिली ती तुझ्याच ‘सुटलं’ची! त्याला मी जे लिहिलं ते आईला वाचून दाखवता येणार नाही. पण ‘सुईदोरा’ नावाच्या एका बाईने मला एकदाही मूर्खात काढलं नाही. प्रोग्रॅम अक्षरं एका पद्धतीने पाठवतोय आणि प्रिंटर दुसऱ्याच पद्धतीने वाचतोय, हे तिने समजावलं. एक ओळ बदलायला लावली, आणि ती का, तेही सांगितलं. लेबलावर ½ उमटलं तेव्हा फार्मासिस्टबाईंनी मला चक्क मिठी मारली. सुईदोराने बदल्यात एवढंच मागितलं, की काय केलं ते खाली नीट लिहा, पुढच्याला लागेल. अरे, तो फोरम एवढ्यावरच तर टिकून आहे! हुशार माणसं काय, ढिगाने मिळतात.

तुझ्या प्रश्नाखाली मी सगळं लिहून टाकलंय, तेव्हा हे पत्र लेबलासाठी नाही. तुझी भाची नापास झाल्यापासून खोलीबाहेर येत नाही. दाराशी ठेवलेलं ताट तसंच परत येतं. डॉक्टर झाले, मैत्रिणी झाल्या, माझी आरडाओरड झाली. मला फार भीती वाटते रे. तिच्या वयाचा असताना तूही असाच दार लावून बसला होतास. मग एका सकाळी दाढी करून बाहेर आलास, चहा मागितलास आणि म्हणालास, झालं आता ठीक. आई आनंदाने रडत बसली आणि विचारायचं राहूनच गेलं. मी आता विचारतेय. त्या सकाळी कडी काढण्याआधी तुझ्या मनात काय आलं होतं? कोणी काही म्हटलं होतं, की कोणी काहीच म्हणत नव्हतं, म्हणून जमलं? उपदेश नको. आठवेल तसं, वेडंवाकडं लिही. मला नाही लिहिलंस तरी चालेल. पाकिटावर तिचं नाव घाल, मी ते न उघडता दाराखालून आत सरकवीन.

तुझीच, अजून चिडलेली,
ताई