न पाहिलेली दोन रिळं

४ मार्च २०२५

सगळे त्या फुलदाणीभोवतीच का उभे राहतात! १९२९चा बोलपट. नायिका बापाशी भांडते फुलदाणीजवळ, नायकाला नकार देते फुलदाणीजवळ, पोलीस येतो तर एवढी मोठी खोली सोडून तोही तिथंच. माइक फुलदाणीत लपवलेला असणार. 'आवाज आला आणि माणसांचे पाय गेले' — ब्लॉगवरच्या परीक्षणाचं पहिलं वाक्य हेच. बरं आहे. की जरा जास्तच चुणचुणीत? उद्या परत बघते.

आमच्या शेडमध्ये बोलपट चालतच नाहीत. तासगावात हंगामभर चौदा बायका आमच्याकडे बेदाणा निवडतात, काड्या वेगळ्या, काळे मणी वेगळे. माझ्या नवऱ्यानं, जयराजनं, क्रिकेटसाठी भिंतीला टीव्ही लावलाय. तो कुपवाडला कारखान्यात गेला की दुपारी दोन ते चार टीव्ही माझा. पण निवडणाऱ्या बाईची नजर ताटात. वर बघितलं की हात थांबतो. म्हणून पडद्यावर काय चाललंय, मधे येणाऱ्या संवादाच्या पाटीवर काय लिहिलंय, ते सगळं मी मराठीत सांगत जाते. त्या सिनेमा ऐकतात! मला मूकपटच लागतात ते म्हणून. आज नायिका इंग्रजीत सुरू झाली तशा रंगुबाई म्हणाल्या, ही बया जरा गप बसली तर वैनींना बोलता ईल.

रंगुबाई आटपाडीकडच्या, साठीच्या. दर वर्षी येतात, निवडायच्या खोलीवर त्यांचाच हुकूम चालतो. यंदा बरोबर भाची आणलीय, स्वप्नाली. तेवीस वर्षांची, कडेला तीन वर्षांची लेक. जतकडे दिलेली. फेब्रुवारीत आली तेव्हा डावा डोळा सुजून बंद होता. कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दुपारी नवऱ्याचा फोन येतो. ती कापते.

५ मार्च

चुणचुणीतच आहे. खोडलं. मग परत घातलं.

६ मार्च

'दलदलीकडचं घर', १९२७. असलं काही नेटवर चकटफू पडून असतं आणि कुणी बघत नाही! दलदलीच्या काठावर एक लाकडी घर. नवरा दलदलीतली माती कापून जळणाला विकणारा, आणि पिणारा. बायको एल्सी. एके ठिकाणी ती धुतलेली चादर वाळत घालतेय, चादरीवर नवऱ्याची सावली पडते. ती मागं वळत नाही. फक्त तिचे हात भरभर चालायला लागतात. संपूर्ण प्रसंगात एकही पाटी नाही. हे मी बायकांना सांगितलं तेव्हा स्वप्नालीचा हात थांबला आणि तिनं वर बघितलं. रंगुबाई तिला रागावल्या नाहीत.

सिनेमा सात रिळांचा, उरलीत पाचच. हे मला सकाळपासून माहीत होतं. पाचव्यात एल्सी पोरीला घेऊन स्टेशनवर येते. एका हातात पोर, दुसऱ्यात बोचकं, म्हणून तिकीट दातांत धरलंय. फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला नवरा दिसतो. एक पाऊल टाकतो. संपलं! पडदा काळा.

इथं मी थांबायला हवं होतं. पुढचं हरवलंय बायांनो, शंभर वर्षांत कुणाला सापडलेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण चौदा जणी कान लावून बसलेल्या आणि काळ्या पडद्याकडे एकीचंही लक्ष नाही. मी बोलतच राहिले. तो जवळ येतो. टोपी काढतो. तिच्या हातातलं बोचकं घेतो. दोघं चालत घरी येतात, तो दारूची बाटली दलदलीत फेकून देतो. बाटली हळूहळू बुडते. कुठून आलं कुणास ठाऊक, पण बुडबुडेसुद्धा मला दिसले.

बायका खूश. दोघीतिघींनी डोळे पुसले. स्वप्नालीनं तेवढं विचारलं.

"वैनी, त्यो खरंच सुधारला व्हय? का नुसता न्यायला आल्याला?"

"सुधारला," मी म्हणाले.

७ मार्च

एका बैठकीत अकराशे शब्द! चहा निवला, भाजी लागली, पण हात थांबला नाही. शेवट तसाच लिहिला — टोपी, बोचकं, बुडणारी बाटली. कॅमेरा कुठं ठेवलाय तेही लिहिलं. ब्लॉगवर टाकून मोकळी झाले.

८ मार्च

काढून टाकावं का?

आत्तापर्यंत एकोणचाळीस परीक्षणं लिहिली. एकातही न बघितलेलं लिहिलेलं नाही. खरं तर माझी सगळी ऐट तीच. लोक दुसऱ्यांचं वाचून लिहितात, मी बघून लिहिते. आणि आता हे. पण पाचव्या रिळावर थांबणारं परीक्षण किती पांगळं झालं असतं!

राहू दे. वाचतं कोण.

११ मार्च

वाचलं! चौदाशे जणांनी वाचलं. एरवी साठ झाले तरी मी जयराजला सांगत सुटते.

आणि दुपारी पृथ्वीराजांचा फोन. सांगलीत त्यांचं छोटं प्रकाशन आहे, वर्षाला पाचसहा पुस्तकं, सगळी नेटकी. चाळीसच्या चाळीस परीक्षणांचं पुस्तक करायचं म्हणाले, आणि सुरुवात 'दलदलीकडचं घर'पासून. बाटली बुडते तिथं त्यांना पुढची ओळ दिसेना म्हणे. दहा वर्षं मी या फोनची वाट बघतेय. आभार मानले, फोन ठेवला आणि शेडच्या मागं जाऊन नुसती उभी राहिले.

तेव्हाच सांगायचं होतं. 'एक मिनिट, त्या शेवटाबद्दल' — एवढे चार शब्द!

१२ मार्च

सांगितलं नाही.

१६ मार्च

अमेरिकेहून मेल. तिथल्या एका चित्रपट-संग्रहात काम करणाऱ्या बाई. माझं परीक्षण मशीनकडून इंग्रजी करून वाचलंय. फार सभ्य लिहितात. हा सिनेमा बावीस वर्षं आमच्या शोधाच्या यादीत आहे, सहावं आणि सातवं रीळ १९३१नंतर कुणी पाहिल्याची नोंद नाही, आपण ते कुठं पाहिलंत हे कळवाल का? भारतात एखादी प्रत असेल तर ती आमच्यासाठी फार मोठी बातमी ठरेल. खाली नाव, आणि नावाखाली 'आशेने'.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण 'आशेने'! बाई तिकडं डोळे लावून बसल्यात आणि इथं मी टोप्या काढतेय!

१७ मार्च

काय काय सुचतं माणसाला! म्हणे लहानपणी पाचगणीच्या बोर्डिंगात दाखवला होता. म्हणे कुणा इंग्रजाच्या सामानातली प्रत, नंतर जळाली. अर्धा मेल तसा लिहिलासुद्धा. वाचला आणि माझीच मला शिसारी आली. पुसला.

आज दोन क्रेट बेदाणा एकात एक केला, पहिल्या आणि तिसऱ्या प्रतीचा. रंगुबाईंनी सगळा परत निवडायला घेतला.

१८ मार्च

जयराजला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, मग लिही की खरं, कुणाचं काय बिघडलंय त्यात? सिनेमाच तर आहे. आणि भात मागितला. मला भांडायचं होतं, पण भांडायला काही मिळेना.

२० मार्च

आज नवीन मूकपट लावणार होते, एका सर्कसवाल्याचा. लावलाच नाही. बायकांनी दलदलीचाच परत मागितला. खरं म्हणजे स्वप्नालीनं मागितला, बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळा नको म्हणाली. "शेवटचं तेवढं सांगा वैनी."

सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंही. पण म्हटलं, आधी पुस्तकाचं आणि अमेरिकेचं निस्तरू, इथं काय घाई. इथं कोण कुठं छापायला बसलंय. इथं ही गोष्टच आहे. म्हणून सांगितलं परत. आणि वाढवून सांगितलं! वर्ष जातं, घराला चुना लागतो, पोर अंगणात खेळते, नवरा संध्याकाळी वेळेवर घरी येतो. स्वप्नाली ऐकत होती. फोन वाजत होता आणि तिनं तो कापला नाही, नुसता वाजू दिला.

मला स्वतःचा राग येतोय. चुना कुठून आला!

२३ मार्च, रविवार

सांगलीला जाऊन आले. पृथ्वीराजांच्या घरी, समोर बसून. एस.टी.त सगळी वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणाले, "मी शेवट पाहिलेला नाही. शेवट मी रचलाय."

त्यांच्या पत्नी चहा ठेवून गेल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं की बाकीच्या एकोणचाळिसांत असं कुठं आहे का. मी नाही म्हणाले. ते माझ्याकडे बघत राहिले. खरं वाटलं असावं. म्हणाले, "ते पहिलं राहणार नाही. पुस्तकात राहील की नाही तेही बघू. आधी ब्लॉगवर लिहा, मग पुस्तकाचं बोलू."

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी परतीच्या गाडीत भूक लागली. कित्येक दिवसांनी.

२४ मार्च

लिहिलं. 'सहावं आणि सातवं रीळ मी पाहिलेलं नाही. ती उरलेलीच नाहीत. शेवटचे तीन परिच्छेद माझ्या मनचे आहेत. चूक माझी.' फोडणी नाही, पाल्हाळ नाही. तेच इंग्रजीत अमेरिकेला पाठवलं.

एका वाचकानं 'फसवणूक' एवढाच शब्द लिहिला. बरोबर आहे.

२७ मार्च

अमेरिकेचं उत्तर! वाईट वाटलं, पण सांगितलंत हे चांगलं केलंत, असं लिहितात. आणि पुढं — त्या काळी सिनेमाची नोंदणी करताना गोष्ट सविस्तर लिहून द्यावी लागे. तो कागद त्यांच्याकडे आहे. फोटो पाठवलाय.

नवरा फलाटावरून पळत येतो. हात जोडतो, गुडघे टेकतो, सगळं करतो. एल्सी ऐकून घेते. गाडी येते. ती पोरीला वर चढवते, बोचकं वर टाकते आणि स्वतः चढते. दातांतलं तिकीट काढून तिकीट-तपासनिसाला देते. नवरा फलाटावरच राहतो. गाडी जाते. बस्स, एवढंच.

काय शेवट आहे हा! माझ्या बुडबुड्यांच्या कितीतरी वर. चादरीसमोर हात भरभर चालवणाऱ्या त्या बाईचा हाच शेवट असणार, हे मला कळायला हवं होतं. मी तिला परत पाठवून दिलं, का तर बायका डोळे पुसतील म्हणून. पृथ्वीराजांना फोन केला. म्हणाले, आता हे लिहा, चुकीसकट लिहा, मग ते पहिलं ठेवू.

आज दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. शेडमध्ये मालाच्या गाड्या भरायच्या गडबडीत टीव्ही लावलाच नाही. बायकांना पाडव्यानंतर निवांत सांगेन, कागदाचा फोटो दाखवून.

३० मार्च, पाडवा

शेडला दोन दिवस सुट्टी. गुढी उभारली, पुरण घातलं, नवीन परीक्षण पूर्ण केलं. शांत वाटतंय.

१ एप्रिल

स्वप्नालीची जागा रिकामी. पाडव्याला नवरा न्यायला आला होता, ती लेकीला घेऊन त्याच्याबरोबर गेली. रंगुबाई ताटातली नजर न उचलता बोलल्या, "आमी समद्यांनी नगं म्हणलं वैनी. तर म्हणली, त्या बाईचा सुधारला न्हवं. वैनींनी डोळ्यांनी बघितलंय."

तिचा फोन बंद आहे. जतची गाडी पावणेदोनला. मी निघालेय.