पांढरा, असं बाबा म्हणाले

प्रिय दादा,

घर सोडल्यापासून परवा पहिल्यांदाच तुझा फोन आला, आणि तू एकच विचारलंस, बाबा बोलतात ते समजून बोलतात का. मी "माहीत नाही" म्हटलं आणि तू फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, जिला मी मास्तरीण म्हणून चिडवायचो ती एवढी शिकली, पण सरळ उत्तर देईल तर शपथ. मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही नीट कळलेलं नाही. म्हणून सगळं लिहून काढते, तूच बघ. तू चौथीतच शाळेला रामराम ठोकलास, तरी माझं अक्षर तुला लागतं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचे शब्द जागा सोडून पडतात. चष्मा हवा असला की चमचा मागतात. आईला ड्रायव्हर म्हणतात. आई म्हणते, जन्मभर यांचा गाडा हाकला, चुकीचं काय त्यात? बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्यांनी मला काम दिलंय, की दिसेल ते बाबांना विचारायचं आणि उत्तर बरोबर की चूक ते त्यांना कळवायचं. हे काम माझ्या जिवावर येतं. मी काम करते त्या लॅबमध्ये रक्ताच्या नळीवर भलतंच नाव चिकटलं तर एकाचा आजार दुसऱ्याच्या माथी बसतो, म्हणून मी प्रत्येक नळी दोनदा बघते. इथे तर बाबाच आहेत.

मागच्या बागेत नळाखाली डबकं साचतं, तिथे एक पक्षी येऊ लागलाय. लांब चोच, पिवळट पाय, बोलणी खाल्लेल्या पोरासारखा मान खांद्यात घालून उभा असतो. बाबा खिडकीतल्या खुर्चीवरून त्याला बघत बसतात. मी विचारलं, बाबा, रंग कोणता? म्हणाले, पांढरा. पक्षी तर मातकट, गळ्यावर तपकिरी रेघा. पुन्हा विचारलं. पांढरा. आणखी एकदा विचारलं तर चिडून भिंतीकडे तोंड केलं. मी मोबाइलवर फोटो काढले, पक्ष्यांच्या पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघितले. एक तर रातबगळ्याचं पिल्लू, नाही तर वंचक नावाचा छोटा बगळा. बसलेले दोघे जवळजवळ सारखेच दिसतात, आणि पांढरा त्यातला एकही नाही. मी बाईंना कळवलं, उत्तर चूक.

चित्राखालचा मजकूर मी नंतर वाचला. वंचक बसला की मातकट दिसतो, कारण पंख मिटलेले असतात. उडाला की तेच पंख पांढरेशुभ्र दिसतात. मग उडतानाचा फोटो हवा. कितीदा तरी हुकला. कधी नुसती शेपटी आली, कधी माझंच बोट. शेवटी आईने बादली आपटली आणि मी बटण दाबलं. फोटो हललाय, पण पंख पांढरे आहेत. वंचकच. मी त्याला बसलेला बघत होते, बाबा उडतानाचं सांगत होते. बाईंना फोन करून उत्तर बदलून घेतलं.

तेव्हापासून माझा गोंधळ वाढलाय. एक उत्तर बरोबर निघालं म्हणून सगळीच बरोबर धरायची? त्याच संध्याकाळी आई पुन्हा ड्रायव्हर झाली. आणि मी चूक म्हणून सोडून दिलेली बाकीची उत्तरं, त्यांचं काय?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. दिवस कलला की बाबा दाराकडे बघून "मोठा, मोठा" म्हणतात. आम्ही मोठा ग्लास दिला. मोठी उशी दिली. टीव्हीचा आवाज मोठा केला. ते नाही म्हणून मान हलवतात. काल भाजी निवडताना आईचा हात एकदम थांबला. म्हणाली, अगं, "आमचा मोठा" असं हे कोणाला म्हणायचे? दादा, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस, हेही त्यांनीच तुला सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यांचा एकही शब्द चुकत नव्हता. आता म्हणतात ते समजून म्हणतात का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित आणखी कसला तरी मोठा ग्लासच हवा असेल. तू दारात उभा राहिलास तर ते मान हलवतात का, एवढं एकच बघायचं राहिलंय, आणि ते माझ्या एकटीने होण्यासारखं नाही.

तुझीच,
मास्तरीण