ईशाची जुडी

शनिवार, संध्याकाळ. नोएडा.

शाळेच्या पर्यावरण क्लबची मुलं उद्या स्वतः लावलेला पालक शेजारच्या वस्तीत घरोघर वाटणार आहेत. वाफ्यात टाकलेल्या भरावाच्या मातीत शिसं मर्यादेपेक्षा जास्त आहे. मी माझ्या प्रयोगशाळेत दोनदा तपासलं. पालक वाटू नका म्हटलं, तर क्लबच्या जोशीबाई म्हणाल्या, "अगं, बिल्कुल ताजा आहे! तू पण ना! मुलांचा मूड घालवू नकोस." आणि मी गप्प बसले. का? छोट्या ईशाने पहिली जुडी मला दिली, स्वतःच्या केसांच्या रिबिनीने बांधून, म्हणून?

आत्ता आईने ती जुडी उचलली. "निवडू का गं? डाळ घालून करते."

"नको!" इतक्या जोरात, की ती दचकली.

वस्तीतल्या घरांत हे "नको" कोण ओरडणार?

रिबीन सोडून धुतली. उद्या वाटप सुरू व्हायच्या आधी ती ईशाच्या हातात देईन आणि सगळ्यांना शिशाचं मीच सांगेन.