नाव काहीही असो

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवं गाव, राहायला थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरची वरची खोली. डबाही तीच देते. मजा आहे! कचेरी मृत्यूनोंदणीची. रोज मृतांच्या यादीची फाइल येते आणि प्रोग्राम ती नावं सगळ्या नोंदींतून खोडतो. फाइलच्या नावात तारीख असते, म्हणून ते रोज बदलतं. आणि आमचे चष्मेवाले अण्णा, तीस वर्षांचे कारकून, रोज यादी वाचून त्या फाइलचं नाव प्रोग्राममध्ये हातानं टाइप करतात. एका बोटानं! अकलेचा कांदा.

५ तारीख, बुधवार
अण्णांचा उद्योग दोन ओळींत संपवला. एक व्हेरिएबल घातलं. फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाइलचं नाव आपोआप त्यात जातं आणि पावणेदहाला काम सुरू. नाव काहीही असो, माझा प्रोग्राम ती उचलणारच. अण्णांनी ढवळाढवळ करू नये म्हणून तो तळमजल्यावरच्या कुलूपबंद मशीनवर टाकला, किल्ली साहेबांकडे. अण्णांचं रडगाणं असं, की कधीकधी उद्याच्या तारखेची फाइल येते. ती चालवायची नाही, पडून राहिली की आपोआप नाहीशी होते. नाचता येईना अंगण वाकडं!

७ तारीख, शुक्रवार
काल चाललेल्या यादीवर आजची तारीख होती. अकरा नावं. आज दुपारी पुलावरून बस कोसळली. अकराजण गेले. तीच नावं. योगायोग, दुसरं काय? अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. रुसू देत.

११ तारीख, मंगळवार, सव्वानऊ
उद्याची फाइल आली. एकच नाव. आक्काचं.
फोन केला. ठणठणीत आहे. डबा विसरलास म्हणून मलाच रागावली. साहेब रजेवर, किल्ली त्यांच्या खिशात. तळमजल्याचं दार लोखंडी.

साडेनऊ
फाइल पुसली. परत आली. फाइलचं नाव बदललं, ‘रद्दी’ केलं. पडद्यावर लगेच : पुढची फाइल – रद्दी. ‘भंगार’ केलं. पुढची फाइल – भंगार.
नाव काहीही असो. माझंच डोकं –

नऊ चाळीस
अण्णांचे पाय धरले. ते एवढंच म्हणाले, की हातानं लिहायचो, कारण हात थांबवता येतो.
तिच्याहून नवी फाइल हवी. रिकामी उचलत नाही. एक नाव लागतं –
अण्णांचं लिहिलं.
पुसलं. खरंच लिहिलं होतं मी. शी –
माझं लिहिलं. तारीख घाईत आजचीच पडली. पुढची फाइल – माझी.
आक्काला सांगा, डबा मी मुद्दाम नाही विस